हातात दिलेला नारळ : 'स्वेच्छेने' परत जाण्याचा शंभर वर्षांचा इतिहास

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात माहितीबरोबर मतही आहे. ज्यांना केवळ सनावळी हवी असेल त्यांनी ती वेचून घ्यावी. मताशी भांडायचे असेल तर अवश्य भांडावे, मात्र शेवटपर्यंत वाचून.

५ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने एक योजना जाहीर केली. वैध कागदपत्रांविना देशात राहणाऱ्या व्यक्तीने 'सीबीपी होम' या मोबाइल ॲपवर आपण परत जात असल्याचे कळवावे; सरकार तिच्या प्रवासाला हातभार लावील आणि ती मायदेशी पोहोचल्याची खात्री पटल्यावर तिला एक हजार डॉलर देईल. घोषणेत एक हिशेबही होता. एका माणसाला पकडून, कोठडीत ठेवून हद्दपार करण्यास सरासरी १७,१२१ डॉलर खर्च येतो. स्वेच्छेने जाणारा त्याहून पुष्कळ स्वस्त पडतो. दुसऱ्या बाजूला हद्दपारीचा अंतिम आदेश निघूनही जो थांबेल त्याच्यासाठी दिवसाला ९९८ डॉलरपर्यंतच्या दंडाचा बडगा होताच.

मराठीत अशा निरोपाला आपण 'नारळ देणे' म्हणतो. नारळ शुभ, देणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्मित, आणि घेणाऱ्याला उमगलेले असते की उद्यापासून इकडे यायचे नाही.

अनेकांना ही कल्पना नवी वाटली. काहींना ती दयाळू वाटली, काहींना क्रूर. नवी ती मुळीच नाही. दयाळू की क्रूर, हे मात्र 'स्वेच्छा' या शब्दाकडे पाहून ठरत नाही. माझे म्हणणे असे की, परतणाऱ्याची इच्छा किती खरी होती हे तपासायचे असेल तर त्याच्या मनात डोकावण्याची गरज नाही. तो 'नाही' म्हणाला असता तर काय घडले असते आणि 'होय' म्हटल्यावर त्याच्या मागे दार कसे लावले गेले, एवढे पाहावे. इतिहासात या दोन्ही गोष्टींचे कागद सापडतात.

प्रथम लॉस एंजेलिसला जाऊ.

साल १९३१. महामंदीचे दुसरे वर्ष. अमेरिकेत लाखो लोक बेकार, आणि नैऋत्येकडील राज्यांत त्याचे खापर मेक्सिकन मजुरांवर फुटत होते. गंमत अशी की, याच मजुरांना १९२०च्या दशकात शेतमालकांनी आणि रेल्वे कंपन्यांनी आवर्जून बोलावले होते. त्यांपैकी कित्येकांकडे नीट कागद नव्हते, कारण सीमा ओलांडताना कागद मागण्याची पद्धतच अनेक वर्षे ढिली होती. कागदाचा प्रश्न निर्माण झाला तो काम संपल्यावर. स्थलांतराच्या इतिहासात हा क्रम वारंवार आढळतो, तो ध्यानात ठेवावा.

लॉस एंजेलिसमध्ये बेकारी-निवारणाच्या नागरी समितीचे समन्वयक होते चार्ल्स व्हिझल. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला तार केली. त्यांच्या योजनेचा आशय थोडक्यात असा : सर्वांना पकडणे आपल्याला शक्य नाही, पण थोड्यांना पकडावे, त्याला वृत्तपत्रांत भरपूर प्रसिद्धी द्यावी, म्हणजे भयाने बाकीचे आपोआप निघून जातील. म्हणजे अटक हे साधन आणि अफवा हे मुख्य शस्त्र. शासकीय कागदपत्रांत इतका उघड प्रामाणिकपणा क्वचितच पाहायला मिळतो.

२६ फेब्रुवारी १९३१ रोजी दुपारी शहरातील 'ला प्लासिता' नावाच्या बागेला पोलिसांनी आणि स्थलांतर अधिकाऱ्यांनी वेढा घातला. ऊन खात बसलेल्या सुमारे चारशे लोकांना तासाहून अधिक काळ रोखून धरले आणि एकेकाचे कागद तपासले. अखेरीस ताब्यात घेतले गेले ते सुमारे सतरा जण. कारवाई म्हणून पाहिले तर हे हास्यास्पद अपयश होते. पण व्हिझल यांच्या योजनेच्या मापाने मोजले तर ते यशच होते, कारण दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीत तीच वार्ता पसरली होती.

पुढच्याच महिन्यात परगण्याच्या खर्चाने पहिली आगगाडी मेक्सिकोच्या दिशेने निघाली. ही हद्दपारी नव्हती! सरकारी मदतीवर जगणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांच्या घरी कल्याण विभागाचे कर्मचारी जात आणि सांगत की, तुमच्या लोकांत तुम्ही अधिक सुखी राहाल, तिकीट आम्ही काढून देतो. मदत बंद होण्याची टांगती तलवार कधी बोलून दाखवली जाई, कधी न बोलताच कळे. १९३१ ते १९३४ या काळात लॉस एंजेलिस परगण्याच्या गाड्यांतून तेरा हजारांहून अधिक माणसे गेली. पत्रकार-वकील कॅरी मॅकविल्यम्स यांनी १९३३ साली यातला जमाखर्च छापला: पाठवणीचा खर्च सुमारे ७७ हजार डॉलर, आणि मदतनिधीत झालेली निव्वळ बचत सुमारे ३ लाख ४७ हजार डॉलर. आता २०२५ च्या घोषणेतील १७,१२१चा आकडा पुन्हा आठवून पाहा. चौऱ्याण्णव वर्षांत वहीचे पान बदलले, हिशेबाची रीत तीच राहिली.

येथे एक गोष्ट न्याय्यपणे सांगितली पाहिजे. जे गेले ते सगळेच ढकलले गेले नव्हते. १९२९-३० मध्ये अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारींवर पलंग, शिवणयंत्रे, कोंबड्यांची खुराडी बांधून आपणहून परतली. काम संपले, गावी जमीन होती, घरचे वाट पाहत होते. परतण्याची इच्छा ही स्थलांतरिताच्या मनातली फार जुनी आणि फार खरी इच्छा आहे. मुंबईच्या गिरणीत आयुष्य घालवून म्हातारपणी कोकणात घर बांधणाऱ्यांच्या नातवंडांना हे मी वेगळे सांगायला नको. प्रत्येक परतणे ही सक्तीच होती असे म्हणणारे अभ्यासक या माणसांचा निर्णय त्यांच्याकडून हिरावून घेतात, असे मला वाटते.

परंतु मग गाड्यांमध्ये कोण बसले होते? संपूर्ण देशातून त्या दशकात किती लोक मेक्सिकोस गेले याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जातात. संघराज्याच्या स्थलांतर खात्याने कायदेशीर प्रक्रियेने बाहेर काढलेले मेक्सिकन १९२९ ते १९३५ या काळात सुमारे ८२ हजारच होते. म्हणजे बाकीचे सारे 'स्वेच्छेने' या रकान्यात. आणि फ्रान्सिस्को बाल्देरामा व रेमंड रॉड्रिग्ज या अभ्यासकांच्या अनुमानाप्रमाणे गेलेल्यांपैकी सुमारे साठ टक्के लोक अमेरिकेत जन्मलेले, अर्थात अमेरिकेचे नागरिक होते. त्यांत बहुसंख्य मुले होती. आईबापांच्या 'स्वेच्छे'त त्यांची इच्छा धरली गेली.

दार कसे लावले गेले तेही पाहू. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात जो 'सार्वजनिक खर्चावर भार होण्याची शक्यता' असलेला, त्यास प्रवेश नाकारता येत असे. सरकारी मदतीच्या तिकिटावर परतलेला माणूस तर कागदोपत्री भारच ठरला होता! ज्या तिकिटाने तो गेला त्याच तिकिटाने त्याचा परतीचा मार्ग कापला, आणि तिकीट हाती देताना हे त्याला कोणी समजावून सांगितल्याचे फारसे आढळत नाही. मेक्सिकोत तरी काय होते? तेथील सरकारने परतलेल्यांसाठी ओआहाका प्रांतात पिनोतेपा येथे वसाहत काढली. उष्ण हवा, रोगराई आणि दुर्व्यवस्था यांनी ती थोड्याच काळात मोडली. इंग्रजी शाळेत शिकलेली मुले स्पॅनिश शाळेत मागच्या बाकावर गेली.

कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली कायदा करून या साऱ्याबद्दल अधिकृत क्षमा मागितली. क्षमेच्या त्या कायद्यात सक्ती मान्य केली आहे, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते. ज्या गोष्टीला १९३१ मध्ये परोपकार म्हटले गेले तिला पाऊणशे वर्षांनी राज्यानेच जबरदस्ती म्हटले.

आता काही वर्षे मागे, आणि महासागर ओलांडून दक्षिण आफ्रिकेत. येथे आपला, अगदी पुण्याचा, संबंध येतो.

१८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. यांनाच आपण गिरमिटिये म्हणतो. हे लोक कागदपत्रांविना नव्हते. उलट कागदाने पुरते बांधलेले होते. तरीही हा भाग मी मुद्दाम घेतो, कारण 'नको असलेल्या माणसाने आपणहून जावे' या धोरणाची शास्त्रशुद्ध घडण येथे पाहायला मिळते. १८९५ साली नाताळने कायदा केला: करार संपल्यावर मजुराने पुन्हा करार करावा, नाहीतर भारतात परतावे, नाहीतर दरवर्षी तीन पौंड कर भरावा. करारातील पहिल्या वर्षाचा पगार महिना दहा शिलिंग. म्हणजे सहा महिन्यांची कमाई नुसती राहण्याच्या परवान्यात. कोणी कोणाला हाकलले नव्हते. फक्त राहणे महाग केले होते.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत गेले, बोथा व स्मट्स यांना भेटले, ते प्रामुख्याने याच कराविषयी. कर रद्द होईल अशी आपली समजूत झाल्याचे त्यांनी सांगितले. सरकारने तसे वचन दिल्याचे नाकारले. १९१३ चा प्रचंड संप आणि सत्याग्रह त्यातून पेटला. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला. पण त्याच कायद्यात एक लहानसे कलम होते, ज्याकडे शाळेच्या पुस्तकात आपले लक्ष जात नाही. जो भारतीय आपला व आपल्या कुटुंबाचा तेथील वास्तव्याचा हक्क लेखी सोडील त्याला सरकार भारतापर्यंत फुकट प्रवास देईल. कराची काठी गेली, तिकिटाचे गाजर आले, आणि गाजराच्या देठाला सहीचा कागद बांधलेला होता.

पुढे गाजर मोठे होत गेले. १९२१ मध्ये माणशी पाच पौंड बक्षीस. १९२४ मध्ये ते दुप्पट. १९२७ मध्ये केपटाउन करार झाला. भारताच्या प्रतिनिधिमंडळात श्रीनिवास शास्त्री होते, गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे त्यांच्यामागून झालेले अध्यक्ष. या करारात बक्षीस मोठ्या माणसाला वीस पौंड, मुलाला दहा पौंड झाले. आणखी दोन बदल झाले. पहिला शब्दाचा: 'मायदेशी पाठवणी' हा शब्द काढून 'साहाय्यित देशांतर' असा शब्द घालण्यात आला, कारण पहिल्या शब्दाला दुर्गंधी येऊ लागली होती. दुसरा बदल खरा होता. परतलेल्यास पसंत न पडल्यास, घेतलेले पैसे फेडून त्याला तीन वर्षांच्या आत दक्षिण आफ्रिकेत परत येता येत असे.

शास्त्र्यांवर त्या काळी आणि नंतरही पुष्कळ टीका झाली. गोऱ्यांच्या हेतूला त्यांनी सभ्य वेष चढवला, असा तिचा सूर. टीकेत तथ्य आहे. भारतीयांची संख्या जितकी घटवता येईल तितकी घटवणे हाच दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचा हेतू होता, आणि मंत्री मलान तो लपवीत नव्हते. तरीही तीन वर्षांच्या दाराची ती अट मला या साऱ्या शंभर वर्षांतील सर्वांत शहाणी तरतूद वाटते. माणूस निर्णय घेताना चुकू शकतो, एवढे तिने गृहीत धरले होते.

अर्थात वीस पौंड अधिक प्रवासखर्च फेडून परत येणे कितीजणांना जमणार? तेथे कराराचे पाणी मुरत होते.

परतलेल्यांचे भारतात काय झाले, हे पाहण्याचे काम दोन माणसांनी केले. भवानी दयाल संन्यासी, जन्म जोहान्सबर्गचा, आणि बनारसीदास चतुर्वेदी, कलकत्त्याच्या 'विशाल भारत'चे संपादक. १९३१ साली त्यांनी परतलेल्यांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. एम.ए.च्या निबंधासाठी या विषयाचे वाचन करताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते या प्रकरणाने. समुद्र ओलांडून आलेल्यांना गावात जात पुन्हा घेईना. मुलांना तामिळ वा हिंदी नीट येईना. तिकडची मजुरी आणि इकडची मजुरी यांत मेळ नव्हता. बक्षिसाचे पौंड नातलगांत आणि ठकांत काही महिन्यांत विरले. वसाहतीत जन्मलेल्यांचे हाल अधिक, कारण त्यांच्या दृष्टीने हे 'परतणे' नव्हतेच. जेथे कधी पाऊलच ठेवले नाही तेथे कोणी परत कसा येईल?

कलकत्त्यात मटियाब्रुज नावाचा भाग आहे. अवधचा पदच्युत नबाब वाजिद अली शाह याचा दरबार जेथे अखेरपर्यंत भरला तोच. १९२०च्या दशकात याच भागात फिजी, गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम येथून परतलेले गिरमिटिये झोपड्या करून राहत होते. गावाने झिडकारलेले हे लोक बंदराजवळ थांबले होते ते एकाच आशेने, की एखादे जहाज पुन्हा मळ्यांकडे नेईल. ज्या मळ्यांना आपण गुलामगिरीचे दुसरे रूप म्हणतो तेथे परत जाण्यासाठी माणसे याचना करीत होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दृश्यापाशी थांबावे आणि घाईने कोणताही निष्कर्ष काढू नये.

१९३२ मध्ये दोन्ही सरकारांच्या प्रतिनिधींनी पुन्हा बैठक घेऊन संयुक्तपणे मान्य केले की, या योजनेतून आता फारसे काही निघणार नाही. भारतातील आर्थिक स्थिती व हवामान ही कारणे होतीच. शिवाय तेथील ऐंशी टक्के भारतीय आता दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेले होते. योजना नैतिक कारणाने थांबली नाही. जायला तयार असलेली माणसे संपली, म्हणून थांबली.

युरोपचा इतिहास मी झरझर सांगतो. १९७७ मध्ये फ्रान्सने परतणाऱ्या कामगाराला दहा हजार फ्रँक देऊ केले. अल्जेरियन जावेत ही अपेक्षा, प्रत्यक्षात पैसे घेऊन गेले मुख्यतः स्पॅनिश आणि पोर्तुगीज, जे बहुधा तसेही गेले असते. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्क कामगारांसाठी १०,५०० मार्कांची योजना आणली. आणि २०१३ मध्ये ब्रिटनने लंडनच्या सहा विभागांत फलक लावलेल्या गाड्या फिरवल्या: बेकायदा राहत असाल तर घरी जा, नाहीतर अटक होईल. महिनाभराच्या त्या प्रयोगात गाड्यांमुळे देश सोडलेल्यांची सरकारनेच काढलेली संख्या होती अकरा. व्हिझलसाहेबांना ही संख्या पाहून वाईट वाटले असते.

अमेरिकेकडे परत येऊ, कारण 'स्वेच्छा' या शब्दाला कायद्यात सर्वांत भक्कम जागा तेथे मिळाली. १९४० च्या कायद्याने 'ऐच्छिक प्रस्थान' ही तरतूद अधिकृत झाली. पकडलेल्या माणसाने आपणहून जाण्याचे मान्य केले तर त्याच्यावर हद्दपारीचा शिक्का बसत नाही. दोन्ही बाजूंना सोयीचे: त्याला शिक्का टळतो, सरकारला खटला टळतो. ॲडम गुडमन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवले आहे की, अमेरिकेतून आजवर बाहेर काढल्या गेलेल्यांपैकी दहातील आठांहून अधिक जण याच मार्गाने गेले. म्हणजे हद्दपारीचा इतिहास केवळ हद्दपारीच्या आदेशांतून लिहिला तर त्याचा बहुतांश भाग निसटतो. १९५४ मध्ये जनरल जोसेफ स्विंग यांच्या नेतृत्वाखाली मेक्सिकनांविरुद्ध मोठी मोहीम निघाली. दहा लाखांहून अधिक गेले असा सरकारचा दावा होता, आणि त्यातही अफवेने घाबरून गेलेल्यांची मोजदाद होती. काहींना टेक्सासहून जहाजांत कोंबून व्हेराक्रूझला सोडले जाई. १९५६ मध्ये 'मर्कुरिओ' नावाच्या अशा जहाजावर दंगा झाला, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काही बुडाले. ही ऐच्छिक प्रस्थाने होती!

सहीचा प्रश्न न्यायालयांतही गेला. १९८० च्या दशकात एल साल्वादोरमधील यादवीतून पळून आलेल्यांना आश्रय मागण्याचा हक्क न सांगताच ऐच्छिक प्रस्थानाच्या कागदावर सह्या घेतल्या जात. १९८८ मध्ये न्यायालयाने त्याला मनाई केली.

मग आला १९९६ चा कायदा, आणि त्याने या व्यवहाराचे मूळच उलटे केले. १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून जो देश सोडील त्याला तीन वर्षे, आणि वर्षाहून अधिक राहिला असेल तर दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही. बंदी लागू होते ती देश सोडताक्षणी. राहिलात तर गुन्हेगार, गेलात तर दहा वर्षे बाहेर. इकडे आड, तिकडे विहीर. पूर्वी मेक्सिकन मजूर हंगामापुरता येई आणि जाई. नंतर जो आत होता तो आतच राहू लागला, बायकामुलांना बोलावू लागला. परतणे कठीण केल्याने परतणारे घटतात, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही, तरी धोरणकर्त्यांना ते वाटत राहिले. २००८ च्या ऑगस्टमध्ये स्थलांतर खात्याने पाच शहरांत, हद्दपारीचे आदेश असलेल्या पण अन्य गुन्हा नसलेल्या लोकांना कोठडीविना शांतपणे जाण्याची संधी देऊ केली. पात्र असलेले चार लाखांहून अधिक. पुढे आले आठ.

२०२५ च्या ॲपचे मूल्यमापन मी या पार्श्वभूमीवर करतो. हजार डॉलर ही रक्कम लहान की मोठी, हा मुद्दा गौण आहे. १९९६ ची दहा वर्षांची बंदी कायद्याच्या पुस्तकात तशीच आहे, आणि एखादे ॲप कायदा बदलू शकत नाही. भविष्यात कायदेशीर मार्गाने येण्याची शक्यता टिकेल असे जाहिरातीत सुचवले जाते. पण वर्षानुवर्षे कागदांविना राहिलेल्याच्या बाबतीत ती शक्यता दहा वर्षांनंतरची असते. ज्याचे प्रकरण न्यायालयात चालू आहे तो सुनावणीला हजर राहिला नाही तर गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघू शकतो. म्हणजे जो शिक्का टाळण्यासाठी तो गेला तोच पाठीमागून लागायचा. लॉस एंजेलिसच्या तिकिटाची ही सख्खी बहीण.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक राष्ट्राला आपल्या सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क आहे. नियम मोडणाऱ्याला विमानाचे भाडे आणि वर पैसे मिळत असतील तर तक्रार कसली? मी हा हक्क नाकारत नाही. बेड्या घालून लष्करी विमानाने पाठवण्यापेक्षा स्वतःच्या पायांनी, सामान आवरून, लेकरांना शाळेचे वर्ष पुरे करू देऊन जाणे शतपट बरे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या विमानातील १०४ भारतीयांना हे कोणी सांगायला नको. त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. अमेरिकेत कागदपत्रांविना असलेल्या भारतीयांची संख्या किती, यावर मोठा मतभेद आहे. प्यू संशोधन केंद्राचा २०२१ साठीचा अंदाज सव्वासात लाखांच्या आसपास, तर अमेरिकी सरकारचा २०२२ साठीचा अंदाज सुमारे २ लाख २० हजार. कोणताही धरा, त्यांतील पुष्कळांपुढे आज ना उद्या हा नारळ येणारच. म्हणूनच तो कसा असावा याची चर्चा आपली आहे.

आणि चांगला नमुना शोधायला फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. ज्या आखाती देशांच्या मजूरधोरणाला आपण एरवी नावे ठेवतो, आणि योग्यच ठेवतो, त्यांनी येथे निदान एक गोष्ट बरी केली आहे. तेथे कामगार कागदांविना होतो तो बहुधा मालकामुळे; पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि मालकाने 'पळून गेला' अशी नोंद केली की कालचा वैध कामगार आज बेकायदा. अशांसाठी वेळोवेळी माफीची मुदत जाहीर होते. दूतावासातून 'आउटपास' घ्यायचा, दंड भरायचा नाही, विमान पकडायचे. २०१३ मध्ये सौदी अरेबियाच्या अशा मुदतीत एक लाखाहून अधिक भारतीय परतले. रत्नागिरी-रायगडच्या अनेक घरांत 'आउटपास' हा शब्द म्हणूनच ठाऊक आहे. संयुक्त अरब अमिरातींच्या २०२४ च्या माफीत तर जाणाऱ्यावर पुनःप्रवेशाची बंदी नव्हती. थकलेला पगार मात्र बहुतेकांना सोडूनच यावे लागते, आणि तो मागण्यासाठी परदेशी न्यायालयात उभे राहायला आउटपासवर आलेला माणूस पुन्हा जात नाही. दार उघडे, खिसा रिकामा. अमेरिकेच्या २०२५ च्या घोषणेत खिशात हजार डॉलर, दार बंद.

माझ्या मते स्वेच्छेने परतण्याची योजना असावी. परंतु आपणहून जाणाऱ्यास १९९६ ची बंदी लागू होऊ नये, किंवा केपटाउन करारासारखी फेरविचाराची मुदत मिळावी. त्याचा थकलेला पगार जाण्यापूर्वी वसूल करून द्यावा. तेथे जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाची कागदपत्रे आईबापांच्या हाती देऊनच कुटुंबाला निरोप द्यावा, म्हणजे १९३१ च्या मुलांसारखी ती वीस वर्षांनी आपलाच जन्मदाखला शोधत फिरणार नाहीत. आणि सहीपूर्वी वकिलाशी बोलण्याची संधी हवी. ही मागणी स्वप्नाळू नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात दबावाखाली सह्या घेतल्याच्या दाव्यात २०१४ साली झालेल्या समझोत्यात तेथील अधिकाऱ्यांनी काही गोष्टी मान्य केल्या: अर्जातील ऐच्छिक परतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवायची नाही, कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांची यादी द्यायची, चालू असलेला टेलिफोन द्यायचा, आणि पलीकडून कोणी उलट फोन करील म्हणून दोन तास थांबायचे. हा समझोता तेवढ्याच भागापुरता होता. ॲपवर ते दोन तास कोठे ठेवायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.